पैजन्याचा जन्मदाखला

झाशीच्या सराफा बाजारात जुनी चांदी मागितली, की दुकानदार आधी गिऱ्हाइकाची बोली ऐकतो. हिंदीला मराठी वळण आहे असं लक्षात आलं, की ट्रे पुढे सरकतो आणि ठरलेलं वाक्य येतं: ‘रानी के जमाने का है.’ पैजने, खंगौरिया, करधौन्या, बिछिया, सगळं राणीच्या काळातलं. आता राणीचा झाशीतला काळ म्हणजे १८४२ मधल्या लग्नापासून १८५८ च्या एप्रिलपर्यंत, जेमतेम सोळा वर्षं. तेवढ्या वर्षांत झाशीच्या सोनारांनी रात्रंदिवस हातोडी चालवली असती, तरी आज विकायला निघालेल्या ‘त्या काळातल्या’ चांदीचा हिशेब लागला नसता.

दुकानदार मुद्दाम थाप मारतो, असंही नाही. त्याला ती वस्तू कुठल्या तरी घरातून मोडीत आलेली असते आणि विकणाऱ्या बाईने ‘आमच्या सासूच्या आजेसासूचं’ एवढंच सांगितलेलं असतं. पिढ्या मोजल्या तर हे फार तर सव्वाशे वर्षांपर्यंत जातं. पण झाशीत जुनं म्हणजे राणीचं, असा हिशेब बाजाराने कधीच पक्का केला आहे, आणि महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला तो ऐकायला आवडतो, हेही बाजाराला ठाऊक आहे.

खरी अडचण ‘हा किती जुना?’ या प्रश्नातच आहे. दागिन्याला एक वय नसतं, चार असतात. धातूचं वय वेगळं, घाटाचं वेगळं, प्रत्यक्ष घडणीचं वेगळं आणि नंतर झालेल्या डागडुजीचं वेगळं. गावंही तशीच चार असू शकतात. धातू एकीकडून आला, नमुना दुसरीकडचा, घडवणारा हात तिसरीकडचा आणि घालणारी बाई चौथ्या गावाहून लग्न होऊन आलेली. ही चार उत्तरं वेगळी काढली, की मग सांगण्यासारखं बरंच हाती लागतं.

या लेखापुरती पैजन्यांची एक जोडी हातात घेऊ. पैजना हा बुंदेलखंडी बायकांच्या पायातला जाडजूड, पोकळ दागिना. आत बारीक खडे, चालताना वाजणारे. आपलं नाजूक साखळीचं पैंजण मनात धरून पैजना पाहिला तर माणूस दचकतो. सोनं पायात घालायचं नाही हा दंडक तिकडेही आहे, त्यामुळे कमरेखाली सगळी सत्ता चांदीची.

टंच

सराफाच्या दुकानात आता कसोटीच्या दगडाशेजारी टंच मशीन असतं. क्ष-किरण टाकून ते धातूतले घटक टक्क्यांत सांगतं. तेजाबाच्या थेंबापेक्षा हे सोयीचं, कारण दागिना दुखावत नाही. पण मशीन फक्त पृष्ठभाग वाचतं. जुन्या चांदीला वर्षानुवर्षं उजळा दिलेला असतो. चिंच-मीठ किंवा सौम्य तेजाबात उकळताना वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि चांदी मागे राहते. म्हणून मशीन वरून ९६ टक्के दाखवतं आणि आतली खरी चांदी ९० च्या आसपास निघते. जाणकार आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी थोडं खरवडून तिथला आकडा घेतो.

त्या आकड्यातून काय कळतं? धातूचं गाव तर कळत नाहीच. भारतात चांदी निघे ती थोडी. राजस्थानातलं जावर हे शिसं, जस्त आणि चांदीसाठी जुनं ठिकाण, पण देशाची भूक भागली ती आयातीवर. मोगल काळात पोतोसी आणि मेक्सिकोच्या खाणींतली चांदी युरोपमार्गे सुरतेच्या बंदरात उतरे आणि टांकसाळींत रुपया होई. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांची टंचाई पडली, तेव्हा अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि आपले डॉलर वितळवून सुमारे वीस कोटी औंस चांदी इकडे पाठवली. तेव्हा बुंदेलखंडातल्या एखाद्या पैजन्यात पेरूच्या राजप्रतिनिधीच्या अमलाखाली खणलेली चांदी आणि अमेरिकन डॉलर एकजीव झालेले असू शकतात. मुशीत गेलेल्या धातूला पूर्वेतिहास उरत नाही.

थोडासा उरतो, तो अशुद्धतेच्या रूपाने. विजेच्या साहाय्याने चांदी शुद्ध करण्याची पद्धत १८८० च्या दशकात आली. त्याआधीच्या चांदीत सोन्याचा आणि शिशाचा अंश बहुधा राहून जाई. आजच्या कारखानी चांदीत तो जवळजवळ नसतो. मशीनने सोन्याचा अर्धा-पाऊण टक्का दाखवला तर धातू जुना असण्याची शक्यता वाढते. वाढते, एवढंच, कारण जुनी मोड नव्या चांदीत मिसळून कालही कुणी दागिना घडवला असेल.

दुसरी खूण अधिक बोलकी आहे. कंपनी सरकारने १८३५ मध्ये सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. टक्क्यांत ९१.७. उरलेलं तांबं. रुपयाचं वजन बरोबर एक तोळा. त्यामुळे गावोगावच्या सोनारांना शुद्धतेची हमी असलेला कच्चा माल घरपोच मिळू लागला. मुलीचं लग्न ठरलं की बाप मोजून रुपये सोनारापुढे ठेवी आणि ‘एवढ्याचे पैजने कर’ म्हणे. म्हणून जोडीचं वजन ४६६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चाळीस तोळे भरलं आणि टंच ९१-९२ निघाला, तर हे चाळीस रुपये वितळवलेले असावेत असा तर्क करायला जागा आहे. घट गृहीत धरून वजन थोडं कमी भरेल. पोकळीत लाख भरलेली असेल तर हा हिशेब करूच नये.

वजनाचं आणखी एक शास्त्र आहे. मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत पक्की झाली. त्यानंतर सराफ्यात ‘तोळा’ म्हणजे दहा ग्रॅम हा व्यवहार रुळला. ज्या भरीव दागिन्याचं वजन नेमकं दोनशे किंवा चारशे ग्रॅम येतं, त्याच्याकडे जरा संशयाने पाहावं.

१९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबं आणि निकेल व जस्त प्रत्येकी पाच टक्के. हे रुपये वितळवून केलेल्या दागिन्यात निकेल हमखास सापडतं. निकेल आणि जस्त दिसलं, की एक तर तो चाळीसच्या दशकातला रुपया असतो, नाहीतर जर्मन सिल्व्हरची भेसळ. कुठलंही खरं असो, राणीच्या काळाचा दावा तिथेच लंगडा होतो.

सांधा आणि झीज

धातूचं वय काढलं तरी घडणीचं वय बाकी राहतं. त्यासाठी भिंग घेऊन सांधे पाहायचे. सोनार दोन तुकडे जोडतो तो डाक लावून. जुन्या डाकात चांदीबरोबर पितळ किंवा तांबं-जस्त असे. असा सांधा किंचित पिवळट दिसतो. विसाव्या शतकात कॅडमियमचा डाक आला. सोन्याच्या ‘केडीएम’ दागिन्यांमुळे हा शब्द मराठी घरांत पोहोचला आहे. त्यातला तोच कॅडमियम. कमी उष्णतेवर वितळतो, सांधा सुरेख बसतो, पण त्याची वाफ सोनाराच्या फुप्फुसांना घातक. मशीनने सांध्यावर कॅडमियम दाखवला, तर तो सांधा विसाव्या शतकातला, बहुधा १९३० नंतरचा. मात्र तो निकाल सांध्यापुरताच. शंभर वर्षांच्या पैजन्याची कडी १९७५ मध्ये तुटली आणि पुन्हा जोडली, तर कॅडमियम तिथेही सापडणार. म्हणून एक सांधा पाहून भागत नाही. मूळ घडणीचा आणि नंतरचा, असे दोन्ही तपासावे लागतात.

हाताने ठोकलेल्या पत्र्याची जाडी जागोजागी बदलते; रोलरमधून निघालेला पत्रा सगळीकडे सारखा असतो. जंत्रीच्या भोकांतून ओढलेल्या तारेवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा दिसतात. साच्यात ओतलेल्या नकलेत रव्यांच्या कडा बोथट होतात आणि मूळ वस्तूवरचा एखादा टवका जोडीतल्या दोन्ही नगांवर, नेमक्या त्याच जागी आढळतो. हाताने घडवलेल्या दोन वस्तूंत चुका कधी इतक्या एकमताने होत नाहीत.

ठशांवर मात्र विसंबू नये. पत्रा ठशावर ठोकून नक्षी उठवायची रीत जुनी, आणि ठसा सोनारापेक्षा जास्त जगतो. आजोबांचा ठसा नातू वापरतो. नक्षी १८७० ची आणि दागिना १९५० चा, असं सहज घडतं.

झीज हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार. पण झीज कुठे आहे हे पाहिलं पाहिजे. पैजने रोज घालून चाललेल्या बाईचे दोन्ही घोटे एकमेकांना लागतात. म्हणून आतल्या अंगाची नक्षी पुसट होते आणि बाहेरच्या अंगाची शाबूत राहते. पायाला टेकणारी बाजू गुळगुळीत होते. कडीत कडी अडकते तिथे तार अर्ध्यावर झिजलेली असते. जोडवी आणि बिछिया तळाशी सपाट होतात, कारण ती जमिनीवर घासतात. जुनं भासवण्यासाठी घासलेल्या मालात झीज सगळीकडे सारखी असते. जिथे कातडं, कापड किंवा जमीन पोहोचूच शकत नाही, त्या खाचेतही झीज दिसली तर ती कारखान्यात झालेली आहे.

काळेपणाचीही तीच गोष्ट. हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते, ती खाचांत काळी आणि उंचवट्यांवर उजळ. गंधकाच्या पाण्यात बुडवून केलेला काळेपणा ताज्या ओरखड्यांतही शिरलेला असतो. अलीकडे ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांची फॅशन आल्यापासून ग्राहकाचा डोळा काळ्या रंगाला जुनं समजायला शिकला आहे. वास्तविक काळं व्हायला चांदीला काही महिने पुरतात.

नाणं आणि अक्षर

दागिन्यावर तारीख नसते, पण कधी कधी ती आपणहून चालत येते. बुंदेलखंडात रुपयांच्या माळेला हमेल म्हणतात. रुपयांना कड्या डाकलेल्या आणि मधोमध ताईत किंवा पदक. अशा माळेचा नियम सोपा आहे: सर्वांत नव्या नाण्याआधी ती पूर्ण झालेली नसते. १८४० चे वीस रुपये आणि त्यांत १९०७ चा एडवर्डचा एक असेल, तर माळ आज आहे तशी १९०७ नंतरची. तो एक रुपया मागाहून घातला असेल काय? असेल, मग त्याची कडी आणि डाक इतरांहून वेगळे दिसले पाहिजेत.

नाण्यांवरच्या सालांतही फसगत आहे. १८४० हे साल असलेले रुपये त्यानंतर वीसेक वर्षं पाडले जात होते आणि १८६२ सालाचे पुढे दहा-बारा वर्षं. साल म्हणजे आधीची हद्द. नंतरची हद्द ते सांगत नाही. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया सापडला तर तो जपावा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदलावं लागलं.

कंपनीच्या रुपयाआधीची नाणी आणखी मजेशीर. झाशीच्या टांकसाळीचं नाव नाण्यांवर ‘बलवंतनगर’ असं येतं. शहर वसलं ओरछाच्या बुंदेल्यांच्या हाताखाली. किल्ला वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधला. नारोशंकरांनी १७४२ नंतर तो वाढवला आणि पुढे नेवाळकर सुभेदार आले. नाण्यावर फारसी लिपीत नाव मात्र दिल्लीच्या शाह आलमचं. ओरछाच्या गजाशाही रुपयावरही शाह आलमच आणि ओळखीची खूण म्हणून गदा. एका माळेत बलवंतनगरी आणि गजाशाही दोन्ही सापडली तर गोंधळायचं कारण नाही. झाशीपासून ओरछा अठरा किलोमीटर. नाणी सीमा पाळत नव्हती.

मराठी घरांतल्या चांदीच्या भांड्यांवर कोरलेलं साल हा याहून अवघड पेपर. समजा, पंचपात्रावर ‘१७८०’ कोरलं आहे. शके असेल तर ते १८५८. विक्रम संवत असेल तर १७२३. दोहोंत एकशे पस्तीस वर्षांचं अंतर! दक्षिणेतून आलेली घरं शालिवाहन शक लिहीत आणि शेजारचा बुंदेला संवत. दरबारी कागदांत हिजरी आणि महसुलात फसली. झाशी पडली तो १८५८ चा एप्रिल या चार पद्धतींत शके १७८०, संवत १९१५, हिजरी १२७४ आणि फसली १२६५ असा लिहिला जाईल. म्हणून आकड्याआधी अक्षर वाचावं. नाव मोडीत कोरलं आहे की देवनागरीत? आडनाव आहे का? ‘भाऊ’, ‘पंत’, ‘बाई’ अशी दक्षिणी वळणं आहेत, की ‘जू’ लावलेलं बुंदेली नाव? नावाने घर कळलं की साल कुठलं ते कळतं.

हॉलमार्कचा शोध घेणाऱ्यांची निराशा होते. आपल्याकडे चांदीचं अधिकृत हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू झालं आणि सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक चांदीसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून, तोही ऐच्छिक. त्याआधी छाप मारत त्या मद्रासच्या पी. ऑर किंवा कलकत्त्याच्या हॅमिल्टनसारख्या मोठ्या पेढ्या आणि भूजचे उमरसी मावजी यांच्यासारखे नामांकित कारागीर, आणि ते प्रामुख्याने साहेबी टेबलावरच्या भांड्यांवर. गावच्या सोनाराला छापाची गरज नव्हती. गिऱ्हाईक समोर बसून दागिना करून घेई. पैजन्यावर छाप नसणं हे स्वाभाविक आहे. उलट सुबक इंग्रजीत ‘९२५’ असा ठसा दिसला तर ती वस्तू पर्यटकांसाठी किंवा निर्यातीसाठी, बहुधा गेल्या काही दशकांत झालेली.

घाट कुठला, हात कुठला

घाटावरून प्रांत ओळखणं हे सगळ्यांत सोपं वाटतं आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात. बुंदेलखंडी चांदी वजनदार आणि भरीव रूपांची: गळ्यात खंगौरिया आणि सुतिया, दंडात बहुँटा, मनगटात ककना, नाकात पुंगरिया, कमरेला करधौनी. आपल्याकडची चांदी प्रामुख्याने पायाची आणि कमरेची: जोडवी, विरोल्या, मासोळ्या, वाळे, तोडे, साखळ्या, छल्ला, कमरपट्टा. देवघरात टाक. झाशीच्या एखाद्या घरातून खंडोबाचा टाक निघाला, तर तो दक्षिणेतून आलेल्या घराचा म्हणायला हरकत नाही. पण त्याच घरातून पैजनाही निघेल. ज्या गणेश मंदिरात गंगाधरराव आणि मणिकर्णिका, म्हणजेच राणी, यांचं लग्न लागलं, त्याच्या परिसरातल्या दक्षिणी मंडळींनी दोन-तीनशे वर्षं बुंदेल्यांच्या शेजारात काढली आहेत. दागिना बाईबरोबर फिरतो, सुनेबरोबर येतो, मुलीबरोबर जातो, गहाण पडतो, सुटतो किंवा सुटत नाही. सापडलं ते गाव म्हणजे घडलं ते गाव, हे समीकरण म्हणूनच धोक्याचं.

‘झाशीचा’ या विशेषणालाही कालागणिक वेगळा नकाशा आहे. १८५८ नंतर शहर आणि किल्ला १८६१ मध्ये शिंद्यांना दिला गेला, आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी परत घेतला. म्हणजे ती पंचवीस वर्षं झाशी ग्वाल्हेर संस्थानात होती. भोवती दतिया, ओरछा, समथर, चरखारी अशी संस्थानं. प्रत्येकाचा दरबार, प्रत्येकाचे सोनार. दतियाच्या सोनाराने घडवून झाशीच्या बाजारात विकलेला आणि समथरच्या सुनेने घातलेला पैजना कुठला म्हणायचा? प्रामाणिक उत्तर ‘बुंदेलखंडातला’ एवढंच. त्याहून नेमकं सांगणाऱ्याकडे पुरावा मागावा.

अलीकडच्या मालाबाबत तर आणखी एक गंमत. आज उत्तरेच्या बाजारांत भरणारी चांदी आग्रा, मथुरा, राजकोट इथून येते, दक्षिणेतल्या सेलमहून येते आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीहूनही. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी देशभर माहीत आहे, आणि तिथले कारागीर ज्या प्रांताचा व्यापारी येईल त्या प्रांताच्या आवडीचा घाट करून देतात. तेव्हा झाशीत हौसेने घेतलेलं ‘बुंदेली’ पायातलं आपल्याच पंचगंगेच्या खोऱ्यात घडलेलं असणं अशक्य नाही.

घाट कधीपासून होता हे ठरवायला चित्रं आणि छायाचित्रं कामी येतात. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ दरम्यान ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंडांत देशातल्या जातीजमातींची छायाचित्रं छापली. थॉमस होल्बाइन हेंडली या जयपुरातल्या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय दागिन्यांची सचित्र नोंद केली. ओप्पी उंट्राख्टचा मोठा ग्रंथ १९९७ चा. शिवाय पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखे संग्रह. अशा तारीख असलेल्या चित्रात आपल्या दागिन्याचा घाट सापडला, तर तो घाट तेव्हा प्रचारात होता एवढं सिद्ध होतं. आपल्या हातातला नग तेव्हाचाच, हे सिद्ध होत नाही.

उरलं किती?

राणीच्या काळातली चांदी इतकी दुर्मिळ का, याचं उत्तर इतिहासात आहे. ३ एप्रिल १८५८ ला इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजा झाशीत शिरल्या. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा शहरात होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. गोडसे भटजींनी लुटीचा क्रम सांगितला आहे: आधी सोनं, चांदी आणि रोकड, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कापड, मग धान्य. चांदी पहिल्या फेरीतच गेली. शिपायाच्या पडशीत गेलेला पैजना पैजना म्हणून फार दिवस राहत नाही. पुढच्या छावणीत तो तोलून विकला जातो. बुंदेलखंडातच कर्वीला अमृतराव पेशव्यांच्या वंशजांचा मोठा खजिना होता. तो आणि बांद्याचा मिळून जी लूट झाली, तिच्या वाटपावरून लंडनच्या ॲडमिरल्टी न्यायालयात खटला चालला आणि निकाल १८६६ मध्ये लागला. भांडण होतं ते कुठल्या तुकडीला किती पैसे मिळावेत याचं. वस्तू केव्हाच पैसा झाल्या होत्या.

लुटीतून वाचलं त्याला दुष्काळाने गाठलं. बुंदेलखंड हा पावसाच्या लहरीवरचा मुलूख. अंगावरची चांदी ही तिथल्या बाईची बँक होती, आणि अवर्षणात बँक मोडावीच लागे. इथे टांकसाळीच्या धोरणाचा थेट संबंध येतो. १८९३ पर्यंत कुणीही चांदी नेऊन द्यावी आणि खर्च वजा जाता रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. त्यामुळे तोळाभर चांदी आणि रुपया यांत फार अंतर पडत नसे. २६ जून १८९३ ला सरकारने हा दरवाजा बंद केला. रुपयाचा भाव कायद्याने टिकवला गेला, चांदीचा मात्र जगभर घसरत राहिला. १८९५ पासून बुंदेलखंडात पावसाने दगा दिला आणि १८९६-९७ चा दुष्काळ आला, तेव्हा चाळीस रुपये वितळवून केलेले पैजने विकून चाळीस रुपये हाती येईनात. एका सरकारी हुकुमाने गरिबाच्या पायातली शिल्लक परस्पर कापली गेली होती. त्या काळचे टीकाकार हेच सांगत होते.

वय ओळखणाऱ्याला याच घटनेतून एक धागा मिळतो. १८९३ नंतर रुपया वितळवणं तोट्याचं झालं. बाजारातली विटेची चांदी स्वस्त पडू लागली. सोनार ती घेऊन आपल्या अंदाजाने तांबं मिसळू लागले आणि टंच कुठे ८५, कुठे ९५ असा पसरत गेला. म्हणून ठाम ९१-९२ चा आकडा दिसला, तर दागिना १८३५ ते १८९३ या काळातला असण्याकडे काटा झुकतो. ठाम निकाल तेवढ्याने लागत नाही, कारण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चांदी इतकी महागली की रुपये वितळवणं पुन्हा फायद्याचं ठरलं आणि सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. पण आकडा, डाक, झीज आणि घाट या चौघांची साक्ष एकाच दिशेने गेली, तर ‘एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, बुंदेलखंडी, एकदा दुरुस्त केलेला’ इथवर पोहोचता येतं. जुन्या चांदीच्या बाबतीत हे फार चांगलं उत्तर आहे. याच्यापुढे जाऊन कुणी नेमकं साल आणि कुठल्या तरी राजवाड्याचं नाव सांगू लागला, तर तो किंमत सांगण्याच्या तयारीत आहे असं समजावं.

दिवाळीआधी

आता आपल्या घरातल्या डब्याकडे वळू. चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेल्यापासून घरोघर तो उघडला जातो आहे. सराफ घट धरतो, लाखेचं वजन वजा करतो, जुन्या घडणावळीचा एक पैसाही देत नाही आणि माल मुशीकडे पाठवतो. ज्याला पैशाची निकड आहे त्याने चांदी विकावी. ती त्यासाठीच घरात आली होती आणि शंभर वर्षं याच कामी आली आहे. तिथे वारशाचं प्रवचन देण्याचा अधिकार कुणाला नाही.

पण विकण्याआधी अर्धा तास काढता येतो. फोटो काढावेत: समोरून, मागून, सांध्याचे आणि झिजलेल्या जागेचे. ग्रॅममध्ये वजन करून त्याला ११.६६ ने भागावं. टंचाचा आकडा सराफाकडून लिहून घ्यावा, निकेल आणि कॅडमियम विशेष विचारावा. नाणं असेल तर साल, अक्षर असेल तर जसंच्या तसं. कुणाचं होतं, त्या बाईचं माहेर कुठलं, सासर कुठलं, हे घरातल्या थोरल्या माणसाला विचारून त्याच कागदावर लिहावं. फोडून पाहण्यासारखी दुसरी कुठलीही चाचणी या माहितीची भरपाई करू शकत नाही.

आणि लक्ष्मीपूजनाला सगळं लखलखीत दिसावं म्हणून पावडर, टूथपेस्ट किंवा रांगोळीने जुनी चांदी घासू नये. त्या एका उजळ्यात खाचांतला खरा काळेपणा जातो, रव्यांच्या कडा झिजतात आणि वय सांगणाऱ्या निम्म्या खुणा पुसल्या जातात. मऊ फडक्याने पुसली तरी पूजेला चालते.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू ठेवणार असाल, तर कायदाही माहीत असावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या लेकीला पणजीचे पैजने पाठवायचे तर ती पुरावस्तू नाही असं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र लागतं. इथे वयाचा प्रश्न हौसेचा न राहता कागदोपत्री होतो, आणि ‘आमच्या घरात म्हणायचे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

झाशीच्या बाजारातल्या त्या दागिन्यांना आपण राणीचं नाव देतो, कारण आपल्याला दुसरं नाव ठाऊक नसतं. ते घडवणाऱ्या सोनाराची आणि घालणाऱ्या बाईची नोंद कुणी केली नाही. १८५८ ला जुनी चांदी लुटीत गेली असेल, १८९७ ला दुष्काळात. पण गेल्या पन्नास वर्षांत जी गेली ती आपल्या डोळ्यांदेखत, मोडीच्या पावतीवर ‘चांदी, इतके ग्रॅम’ एवढं लिहून. तिथे एक ओळ जास्त लिहायला आजही काही खर्च येत नाही.